रात्री झोपेत अंग घामानं भिजतंय? नुसती उष्णता समजू नका

लाईट गेली, पंखा बंद पडला, त्यात मे महिना. अशा रात्री घाम येणारच, त्याची काळजी नको. पण हवा गार असताना झोपेतून जाग यावी आणि बनियन, उशी पिळून काढण्याइतकी ओली असावी, असं वरचेवर होत असेल तर "अंगात उष्णता वाढली" म्हणत सब्जा पिऊन गप्प बसू नका.

सगळ्यात आधी टीबीची, म्हणजे क्षयरोगाची शंका घ्यायची. संध्याकाळी अंगात कसर, रात्री घाम, भूक मंदावणं, वजन उतरणं आणि दोन आठवड्यांहून जास्त खोकला ही त्याची लक्षणं. सगळी एकदम दिसतीलच असं नाही. मानेतल्या गाठीचा टीबी असेल तर खोकला नसतोही.

बेडक्याची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा आशाताई कुठे जायचं ते सांगतील. सहसा दोन नमुने मागतात, त्यातला एक सकाळी उठल्या उठल्या घेतलेला. इथं बरेच जण चुकतात. डबीत नुसती थुंकी देऊन उपयोग नाही, खोल श्वास घेऊन छातीतून खोकून काढलेला बेडका लागतो.

टीबी निघाला तर औषधंही मोफत. साधा टीबी असेल तर साधारण 6 महिने गोळ्या घ्याव्या लागतात. महिना-दोन महिन्यांत घाम थांबतो, वजन वाढतं आणि माणूस गोळ्या सोडतो. मग आजार उलटतो आणि त्याच गोळ्यांना दाद देईनासा होतो. उपचार चालू असताना निक्षय पोषण योजनेतून महिन्याला 1000 रुपये बँक खात्यात मिळतात. माहितीसाठी 1800-11-6666 हा मोफत नंबर आहे.

"लोक काय म्हणतील" म्हणून आजार लपवणारी घरं अजून आहेत. फुप्फुसाचा टीबी लपवला की तो घरातल्या लहान लेकरांना लागतो. औषध नीट सुरू झालं की लागण होण्याचा धोका झपाट्यानं कमी होतो.

पंचेचाळिशी-पन्नाशीच्या बायकांमध्ये पाळी जाण्याच्या काळात छाती, मान, तोंडातून वाफा निघाल्यासारखं होतं, घाम फुटतो, मग थंडी वाजते. हा आजार नव्हे. सुती कपडे, खिडकी उघडी, रात्रीचा चहा आणि झणझणीत जेवण बंद, एवढ्यानं बराच फरक पडतो. त्रास फार असेल तर औषधं आहेत. मात्र वजनही उतरत असेल तर पाळीवर ढकलू नका, तपासणी कराच.

शुगरच्या पेशंटनं जास्त जपावं. इन्सुलिन किंवा गोळी घेतली आणि एकादशीचा उपवास म्हणून जेवण टाळलं, तर रात्री साखर खाली येते. घाम, थरथर, छातीत धडधड होते. माणूस शुद्धीवर असेल तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्या, 15 मिनिटांनी साखर तपासा आणि काहीतरी खायला द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, 108 ला फोन करा. घामासोबत छातीत दुखत असेल, दम लागत असेल तरी 108 च, सकाळची वाट बघायची नाही.

थंडी वाजून ताप आणि मग घाम असेल तर मलेरियासाठी रक्त तपासा. थायरॉईड आणि काही गोळ्यांमुळेही घाम येतो, म्हणून दवाखान्यात जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाकून न्या.