द्वादशमान अंकचिन्हे

बारा हा पाया मानून संख्या लिहावयाच्या पद्धतीत दहा व अकरा या संख्यांसाठी जी दोन जादा एकेरी चिन्हे लागतात, त्यांस द्वादशमान अंकचिन्हे म्हणतात. दशमान पद्धतीत ० ते ९ ही दहा चिन्हे पुरतात. द्वादशमानात ‘१०’ याचा अर्थ बारा होतो. त्यामुळे दहा व अकरा एकाच स्थानात बसविण्यासाठी नवी चिन्हे योजावी लागतात. विवेचनापुरती दहासाठी द व अकरासाठी अ ही अक्षरे घेतल्यास दशमानातील १३१ (१० × १२ + ११) ही संख्या ‘दअ’ अशी लिहावी लागेल. बारास २, ३, ४ व ६ यांनी निःशेष भाग जातो, हा या पद्धतीचा मुख्य गुण होय. एक तृतीयांश हा अपूर्णांक दशमानात ०·३३३… असा अनंत चालतो, तर द्वादशमानात तो ०·४ असा एकाच स्थानात संपतो.

बाराची मोजणी व्यवहारात सर्वत्र आढळते. अंगठ्याने उरलेल्या चार बोटांची पेरी मोजली, की एका हातावर बारा होतात. अर्धापूरची केळी डझनावर विकली जातात आणि बारा डझनांचा ग्रोस घाऊक व्यापारात परिचित आहे. तथापि मोजणी बाराची असली, तरी लेखन दशमानच राहिले. असे का झाले, याचे उत्तर मराठवाड्यातील जुन्या हिशेबांत चांगले सापडते.

नांदेड व लातूर हे भाग १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते (लातूर हा स्वतंत्र जिल्हा १९८२ मध्ये झाला, तत्पूर्वी तो उस्मानाबाद जिल्ह्यात मोडत असे). संस्थानचे स्वतःचे हाली नाणे होते. त्यातही ब्रिटिश हिंदुस्थानाप्रमाणेच १२ पैंचा एक आणा व १६ आण्यांचा एक रुपया होई. म्हणजे एका रुपयात १९२ पै असत. ब्रिटिश रुपयास तेथे कलदार म्हणत. सहा कलदार बरोबर सात हाली, असा दर असे. या हिशेबाने शंभर कलदारांचे ११६ रुपये १० आणे ८ पै हाली होतात आणि बाकी काहीच उरत नाही. हीच रक्कम दशमानात ११६·६६६… अशी निघते व कोठेतरी तोडावी लागते. कापूस व धान्य यांच्या पेठांत दोन्ही नाणी हाताळणाऱ्या व्यापाऱ्यास हा निःशेष भागाकार फार सोयीचा होता. तीन भावांत रुपयाची वाटणी केली, तर प्रत्येकास ५ आणे ४ पै येतात. जमिनीच्या जुन्या कागदांत हिस्से आणेवारीने लिहिलेले असत, तेथेही हाच नियम लागू पडे.

या रकमेतील ‘१०’ आण्यांच्या घरात दोन अंक व्यापतो. आण्यांत १५ पर्यंत आणि पैंत ११ पर्यंत संख्या येतात. पण रुपये, आणे व पै यांची घरे रेघांनी वेगळी केली, की एका घरात दोन अंक बसले तरी घोटाळा होत नाही. नवा अंक शोधण्याची निकड त्यामुळे भासली नाही. देशी पद्धत तर याहूनही चतुर होती. उभी रेघ पाव रुपयाची, म्हणजे चार आण्यांची, व आडवी रेघ एका आण्याची. १। म्हणजे सव्वा, १॥ म्हणजे दीड आणि १॥। म्हणजे पावणेदोन. तीन उभ्या रेघांपुढे तीन आडव्या रेघा ओढल्या, की पंधरा आणे झाले. वस्तुतः ही चारच्या पायावरील मोजणीच होय. सोळाव्या भागापर्यंतचा हिशेब दोन प्रकारच्या रेघांत आटोपत असे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी व औटकी यांचे पाढे मुखोद्गत असणाऱ्या पिढ्यांना त्यांचे वाचन अवघड नव्हते. संस्थानच्या फार्सी-उर्दू दफ्तरांची वाट मात्र निराळी होती. तेथील सियाक लेखनात अरबी संख्यावाचक शब्दांची संक्षिप्त रूपेच अंक म्हणून वापरीत व स्थानमूल्याचा प्रश्नच उद्‌भवत नसे.

यूरोपात हा प्रश्न गणिती सुधारणेच्या अंगाने पुढे आला. लघुलिपीचा जनक आयझॅक पिटमन (१८१३–९७) हा द्वादशमानाचा पुरस्कर्ता होता. दहासाठी उलटा २ व अकरासाठी उलटा ३ (अर्थात रोमन लिपीबरोबर चालणारे) ही चिन्हे त्याच्या नावाशी निगडित आहेत. त्यांतील सोय उघड आहे : नवा खिळा न ओतता जुळाऱ्याने असलेलाच खिळा उलटा बसविला, की काम भागते. अमेरिकेत १९४४ मध्ये द्वादशमानाच्या प्रसारासाठी संस्था स्थापन झाली. तेथे वेगळ्या घडणीची चिन्हे रूढ झाली. हीच युक्ती देवनागरीत करून पाहिल्यास ३ उलटताच ६ चा भास होतो, म्हणून ती येथे उपयोगी नाही. संगणकशास्त्राने सोळाच्या पायासाठी कळफलकावर आधीच असलेली सहा रोमन अक्षरे उचलली. या क्षेत्रात तर्कापेक्षा हाताशी असलेली कळ नेहमीच प्रभावी ठरली आहे.

१ एप्रिल १९५७ पासून भारतात शंभर नव्या पैशांचा रुपया सुरू झाला व हाली नाणे १९५९ मध्ये चलनबाह्य झाले. एका आण्याचे ६·२५ नवे पैसे झाले आणि तिघांची वाटणी पुन्हा अपुरी राहू लागली. आणे-पैंबरोबर रेघांची चिन्हेही नित्य वापरातून गेली. संगणकाच्या युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत देवनागरीचे दहा अंक प्रारंभापासून, १९९१ पासून आहेत. पाव, अर्धा, पाऊण, तसेच सोळाव्या भागाची चिन्हे २००९ मध्ये, मोडी लिपी २०१४ मध्ये, पिटमनचे उलटे अंक २०१५ मध्ये व भारतीय सियाक अंक २०१८ मध्ये समाविष्ट झाले. म्हणजे इतिहासात सर्वत्र वापरलेल्या आणेचिन्हांना आणि फारशा कोणी न वापरलेल्या उलट्या अंकांना जागा मिळाली ती अवघ्या सहा वर्षांच्या अंतराने.

संकेतांक मिळाला, तरी चिन्ह उमटेलच असे नाही. टंकसंचात आकृती नसल्यास पडद्यावर रिकामी चौकट दिसते आणि नेहमीच्या मराठी कळफलकावर या चिन्हांना कळ नाही. म्हणून पाव दाखविण्यासाठी पूर्णविरामाचा दंडच टाइप करण्याची सवय पडली आहे. डोळ्यास ते ठीक दिसते. परंतु संगणक त्यास संख्या न मानता विरामचिन्ह मानतो. जुन्या वाटणीपत्राची नक्कल करताना ‘२।’ मधील दंड गळून नुसते २ राहिले, तर पाव हिस्सा कागदावरून नाहीसा होतो व पुढील बेरीज जुळत नाही. मराठवाड्यातील निजामकालीन मोडी व उर्दू कागदपत्रांची २०२३ पासून शासकीय समितीने मोठ्या प्रमाणावर छाननी केली, ती कुणबी नोंदींसाठी. अशा कागदांतील रकमा व हिस्से उतरवून घेताना मूळ रेघ तिच्या स्वतःच्या संकेतांकाने लिहावी आणि शेजारी आणे-पैंचे मूल्य अंकांत द्यावे.