अपंगांचे शिक्षण आणि सार्वजनिक द्रव्य : अनुदान कोणास?

सरकारने एखाद्या कार्यासाठी किती द्रव्य खर्च केले, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकास स्वाभाविकच महत्त्वाचा वाटतो. परंतु ते द्रव्य कोणाच्या नावे व कोणत्या खात्यामार्फत दिले गेले, हा प्रश्न पुष्कळदा अधिक बोधप्रद ठरतो. भारतातील अपंग बालकांच्या शिक्षणाचा इतिहास या दृष्टीने पाहिला असता त्यात तीन अवस्था दिसून येतात. आरंभी अनुदान संस्थेस मिळाले. पुढे ते बालकाच्या नावे मांडले गेले. आणि ज्याच्यावाचून हे दोन्ही प्रकार निष्फळ होतात, त्या शिक्षकाकडे ते सर्वांत शेवटी वळले.

पहिल्या अवस्थेचे मूळ १८५४ च्या वुडच्या खलित्यात आहे. शिक्षणसंस्था खाजगी प्रयत्नाने उभ्या राहाव्यात व सरकारने त्यांस साहाय्यक अनुदान द्यावे, हे तत्त्व त्या खलित्याने रूढ केले. अपंगांच्या शाळा याच वाटेने निघाल्या. मुंबईत १८८५ मध्ये मूकबधिरांची शाळा सुरू झाली. १८८७ मध्ये ॲनी शार्प यांनी अमृतसर येथे अंधांची शाळा काढली. १८९३ मध्ये कलकत्त्यास मूकबधिरांचे विद्यालय स्थापन झाले. आणि १९०० मध्ये अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी मुंबईत अंध मुलांना शिकविण्याचे कार्य आरंभिले. कलकत्त्याचे विद्यालय निघाले त्याच वर्षी, म्हणजे १८९३ मध्ये, इंग्लंडच्या पार्लमेंटने अंध व बधिर मुलांच्या प्राथमिक शिक्षणाची तरतूद करणे हे स्थानिक शाळाधिकाऱ्यांचे कर्तव्य ठरविणारा कायदा संमत केला. हिंदुस्थानच्या ब्रिटिश राज्यकर्त्यांनी तसा कायदा येथे केला नाही. त्यामुळे येथील अनुदान हे कर्तव्याचे फलित नसून परोपकारास दिलेली जोड होते. जेथे संस्था तेथेच अनुदान, आणि संस्था बहुधा शहरांत. खेड्यातील अंध बालकाचा सार्वजनिक द्रव्यावर कसलाही हक्क उत्पन्न होत नव्हता.

हा दृष्टिकोन बदलण्याचा पहिला मोठा प्रयत्न १९४४ च्या सार्जंट अहवालात आढळतो. अपंगांचे शिक्षण हा राष्ट्रीय शिक्षणव्यवस्थेचा आवश्यक भाग असावा, असे सांगून या अहवालाने मूलोद्योग व माध्यमिक शाळांच्या अंदाजित खर्चापैकी १० टक्के रक्कम त्यासाठी राखून ठेविली. ही योजना त्या स्वरूपात अमलात आली नाही. स्वातंत्र्यानंतर अपंगांच्या विशेष शाळा प्रामुख्याने समाजकल्याण खात्याकडे राहिल्या. महाराष्ट्रातही २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग निर्माण होईपर्यंत हीच व्यवस्था होती. आणि नव्या विभागाच्या नावातही ‘कल्याण’ हाच शब्द कायम राहिला. सामान्य बालकाचा खर्च शिक्षणाच्या खातेवहीत व अपंग बालकाचा कल्याणाच्या खातेवहीत, ही विभागणी केवळ हिशेबाची नव्हे. शिक्षणखात्यावरील खर्च मागणे हा हक्क मानला जातो. कल्याणखात्याकडील खर्चास दयेचा वास सहसा सुटत नाही.

कोठारी आयोगाने (१९६४-६६) या भेदावर नेमके बोट ठेवले. अपंगांच्या शिक्षणाचा पाया केवळ भूतदया नसून समाजास होणारी उपयुक्तताही आहे, आणि हे शिक्षण सर्वसाधारण शिक्षणव्यवस्थेपासून वेगळे काढता येणार नाही, असे त्याने प्रतिपादिले. तथापि १९८६ पर्यंतचे त्याचे उद्दिष्ट अंध, बधिर व अस्थिव्यंग असलेल्या बालकांपैकी १५ टक्के आणि मतिमंद बालकांपैकी ५ टक्के एवढेच होते. तत्त्व व्यापक आणि तरतूद आखूड, असा हा विसंवाद होय.

दुसरी अवस्था १९७४ मध्ये एकात्म शिक्षणाच्या केंद्रपुरस्कृत योजनेने सुरू झाली. ही योजनाही आरंभी समाजकल्याण विभागाकडेच होती. १९८२ मध्ये ती शिक्षण विभागाकडे आली. १९९२ च्या सुधारित योजनेत प्रत्येक बालकामागे पुस्तकांसाठी वर्षास ४०० रुपये, गणवेशासाठी २०० रुपये, प्रवासासाठी दरमहा ५० रुपये, अंध विद्यार्थ्यास वाचून दाखविणाऱ्यासाठी दरमहा ५० रुपये व सोबत्यासाठी ७५ रुपये असे भत्ते होते. या पद्धतीचा गुण नाकारता येत नाही. संस्थेच्या हिशेबात दडलेले बालक प्रथमच स्वतःच्या नावाने मोजले गेले. परंतु सोबती त्या बालकास वर्गाच्या दारापर्यंत पोहोचवीत असे; दारापलीकडे काय होते, हा प्रश्न भत्त्याने सुटत नव्हता. योजनेत आठ बालकांमागे एक विशेष शिक्षक धरला होता हे खरे. परंतु एका खेड्याच्या एका शाळेत अशी आठ बालके एकत्र सापडणे दुर्मिळच. शिक्षक संख्येवर अवलंबून, आणि शिक्षक नसल्याने संख्या वाढत नाही, असे हे दुष्टचक्र होते.

ते भेदण्याची एक वाट १९८७ मध्ये युनिसेफच्या साहाय्याने निघालेल्या प्रकल्पाने दाखविली. त्यात महाराष्ट्रही सहभागी होता. एकेक शाळा न घेता संपूर्ण विकासगट घेऊन तेथील सर्व शिक्षकांस अल्पकालीन, काहींस सहा आठवड्यांचे व मोजक्यांस वर्षभराचे प्रशिक्षण देण्यात आले. येथे द्रव्य बालकाच्या उणिवेवर नव्हे, तर शाळेच्या सिद्धतेवर खर्च झाले.

१९९५ व २०१६ च्या कायद्यांनी शिक्षणास हक्काचे रूप दिले. सर्व शिक्षा अभियानात दर बालकामागे वर्षास १,२०० रुपये होते. ते पुढे ३,००० झाले, आणि त्यांतील किमान १,००० रुपये विशेष शिक्षकांसाठीच खर्चावेत अशी अट पडली. २०१८ च्या समग्र शिक्षा योजनेत ही रक्कम ३,५०० झाली व शिक्षकांच्या वेतनाचा विचार त्याहून वेगळा करण्यात आला. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशेष शिक्षकांची कायम पदे निर्माण करण्याचा आदेश दिला. २०२२ मध्ये केंद्र सरकारने प्राथमिक स्तरावर दहा व उच्च प्राथमिक स्तरावर पंधरा अशा बालकांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत घातले.

वुडच्या खलित्यापासून येथपर्यंत येण्यास १६८ वर्षे लागली. योजनेतील भत्ता अंदाजपत्रकाबरोबर कमीजास्त होतो, कंत्राटी शिक्षक मुदतीबरोबर जातो. मंजूर पद मात्र शाळेच्या रचनेचा भाग बनते. यास्तव या विषयाच्या अभ्यासकाने एकूण तरतुदीच्या आकड्याबरोबरच त्यांतून किती कायम पदे निर्माण झाली व भरली गेली, याची नोंद घेणे अगत्याचे आहे. अपंग बालक शाळेत पाहुणे आहे की विद्यार्थी, याचे उत्तर त्या नोंदीतच सापडते.