डेबियन समुदायाचा सामाजिक करार : एका वचनाचा इतिहास (१९९३ ते २०२३)

प्रस्तावना

ऑपरेटिंग सिस्टीमचा इतिहास हा बहुधा यंत्रांचा आणि कंपन्यांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. मुक्त स्रोत चळवळीच्या बाबतीत मात्र ही दृष्टी अपुरी पडते. या चळवळीतील अनेक समुदायांना मालक नाही, वेतन नाही आणि सक्तीचा अधिकारही नाही. अशा समुदायात निर्णय कोण घेतो आणि दिलेला शब्द पाळला जातो किंवा नाही हे कोण ठरवते, हा प्रश्न तांत्रिक नसून राज्यशास्त्र व इतिहास या विषयांशी निगडित आहे. प्रस्तुत लेखात लिनक्सवर आधारित ‘डेबियन’ या प्रणालीच्या समुदायाने १९९७ मध्ये लेखी दिलेल्या एका वचनाचा प्रवास ऐतिहासिक पद्धतीने तपासला आहे.

उद्दिष्टे

१) डेबियनच्या सामाजिक कराराची पार्श्वभूमी समजून घेणे.
२) या करारावरून झालेले प्रमुख मतभेद व मतदाने यांचा आढावा घेणे.
३) लेखी करारामुळे स्वयंसेवी समुदायास स्थैर्य कसे मिळाले याची चिकित्सा करणे.

पार्श्वभूमी

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. १९९१ मध्ये हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स कर्नल प्रसिद्ध केले. कर्नल म्हणजे प्रणालीचा गाभा. त्यासोबत शेकडो आज्ञावली जोडून, तपासून, एकत्र बांधल्याशिवाय सामान्य वापरकर्त्यास त्याचा उपयोग होत नव्हता. हे काम नीटपणे व खुलेपणाने व्हावे या हेतूने अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाचे विद्यार्थी इयन मर्डॉक यांनी १६ ऑगस्ट १९९३ रोजी डेबियनची घोषणा केली. तेव्हाची मैत्रीण व पुढे पत्नी झालेल्या डेब्रा आणि स्वतः इयन यांच्या नावांवरून हे नाव तयार झाले. प्रारंभीच्या काळात, १९९४-९५ मध्ये, स्टॉलमन यांच्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने या प्रकल्पास आर्थिक पाठबळ दिले. १९९६ मध्ये नेतृत्व ब्रूस पेरेन्स यांच्याकडे आले.

करार व घटना

ईन शुस्लर यांच्या सूचनेवरून पेरेन्स यांनी सामाजिक कराराचा मसुदा तयार केला. जून १९९७ मध्ये महिनाभर ई-मेलद्वारे चर्चा होऊन ५ जुलै १९९७ रोजी तो स्वीकारण्यात आला. प्रणाली संपूर्णपणे मुक्त सॉफ्टवेअरचीच राहील, हे त्यातील पहिले वचन होते. वापरकर्ते आणि मुक्त सॉफ्टवेअर या दोहोंना अग्रक्रम राहील, असे चौथ्या कलमात म्हटले होते. पाचव्या कलमाने वास्तवाशी जुळवून घेतले होते. मुक्त नसलेल्या आज्ञावलींची काही वापरकर्त्यांना गरज असते हे मान्य करून त्यांच्यासाठी मुख्य प्रणालीबाहेर ‘नॉन-फ्री’ हा स्वतंत्र विभाग ठेवण्यात आला. ‘मुक्त’ कशास म्हणावे याचे निकषही कराराचाच भाग होते. १९९८ मध्ये ‘ओपन सोर्स’ या संज्ञेची जी व्याख्या सिद्ध झाली, ती या निकषांवरच बेतलेली होती.

डिसेंबर १९९८ मध्ये समुदायाने स्वतःची घटना स्वीकारली. दरवर्षी प्रकल्पप्रमुखाची निवडणूक, तांत्रिक समिती आणि सर्व सदस्यांचे मतदान अशी रचना तीत करण्यात आली. २००३ मध्ये सामाजिक करारासारख्या मूलभूत दस्तऐवजांत बदल करण्यासाठी तीनास एक असे बहुमत आवश्यक ठरले.

२००४ : एका शब्दाचा वाद

मार्च २००४ मध्ये ‘नॉन-फ्री’ विभाग बंद करावा का, यावर मतदान होऊन तो कायम ठेवण्यात आला. पुढच्याच महिन्यात कराराची भाषा सुधारण्याचा प्रस्ताव संमत झाला. त्यानुसार पहिल्या वचनाच्या शीर्षकातील ‘सॉफ्टवेअर’ हा शब्द गेला आणि डेबियन संपूर्ण मुक्त राहील एवढेच उरले. प्रस्तावाचे स्वरूप संपादकीय दुरुस्तीचे होते. परिणाम मात्र दूरगामी निघाला. माहितीपुस्तिका आणि यंत्राच्या सुट्या भागांत चालणारे ‘फर्मवेअर’ यांनाही आता तेच निकष लागू झाले. ‘सार्ज’ या आगामी आवृत्तीची जबाबदारी सांभाळणारे अँथनी टाउन्स यांनी, नव्या शब्दरचनेनुसार अशा बाबींना सवलत देता येणार नाही, अशी भूमिका घेतली. त्यामुळे जुलैमध्ये पुन्हा मतदान झाले आणि सार्ज प्रसिद्ध होईपर्यंत जुनाच मजकूर लागू राहील असे ठरले. सार्ज ६ जून २००५ रोजी प्रसिद्ध झाली. आधीची आवृत्ती जुलै २००२ मधील होती.

या निकषांतून चळवळीतील ज्येष्ठ संस्थाही सुटली नाही. ग्नू प्रकल्पाच्या पुस्तिकांच्या परवान्यात काही भाग अपरिवर्तनीय ठेवण्याची मुभा होती. असे भाग नसलेल्या पुस्तिकाच मुक्त मानाव्यात, असा निर्णय २००६ च्या मतदानात झाला. एकेकाळी पाठबळ देणाऱ्या संस्थेच्या काही पुस्तिका त्यामुळे ‘नॉन-फ्री’ विभागात गेल्या.

फर्मवेअरचा पेच

डिसेंबर २००८ मध्ये ‘लेनी’ या आवृत्तीच्या तोंडावर फर्मवेअरचा प्रश्न पुन्हा मतदानास आला. कोणत्या पर्यायास तीनास एक बहुमत लागावे यावरून कटुता वाढली आणि प्रकल्पाच्या सचिवांनी पद सोडले. फेब्रुवारी २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या याच आवृत्तीत प्रणाली स्थापनेच्या भाषांमध्ये मराठीचा नव्याने समावेश झाला. ज्या भाषेतून व्यापारी लाभ अल्प, तिच्यासाठीही स्वयंसेवी समुदायात जागा होऊ शकते, हे मराठी अभ्यासकांनी नोंद घ्यावी असे आहे.

फेब्रुवारी २०११ च्या ‘स्क्वीझ’ आवृत्तीत कर्नलमधून मुक्त नसलेले फर्मवेअर वेगळे काढण्यात आले. वचन पाळले गेले, पण त्याची किंमत नवख्या वापरकर्त्याने मोजली. वायरलेस जोडणी फर्मवेअरवाचून चालेना, आणि जोडणीवाचून फर्मवेअर उतरवून घेता येईना. फर्मवेअरसह तयार केलेल्या प्रती उपलब्ध होत्या, परंतु त्या अनधिकृत म्हणून बाजूला ठेवलेल्या असत. पुढे ध्वनियंत्रणेलाही फर्मवेअर लागू लागले, तेव्हा वाचिक साहाय्यावर अवलंबून असणाऱ्या दृष्टिबाधित व्यक्तींना प्रणाली स्थापन करणेच अवघड झाले.

अखेर २०२२ च्या शरद ऋतूत मतदान झाले. आवश्यक बहुमताने पाचव्या कलमात भर घालून अधिकृत स्थापना-प्रतीत मुक्त नसलेले फर्मवेअर समाविष्ट करण्यास मान्यता मिळाली. १० जून २०२३ रोजी प्रसिद्ध झालेली ‘बुकवर्म’ ही आवृत्ती त्यानुसार तयार झाली.

निष्कर्ष

१) पहिले आणि चौथे कलम यांच्यातील ताण करारात आरंभापासूनच होता. तत्त्व आणि वापरकर्त्याची सोय यांपैकी एकाची कायमची निवड समुदायाने केली नाही. प्रत्येक वेळी नव्याने तोल साधला.

२) २००४ मध्ये वचनाची व्याप्ती वाढली, २०२२ मध्ये त्यास अपवाद जोडला गेला. दोन्ही बदल सदस्यांच्या मतदानाने झाले. २०२२ चा निर्णय काहींना तत्त्वच्युती वाटला तरी तो लपूनछपून झाला असे कोणासही म्हणता येणार नाही.

३) मतभेदांचा अभाव हे डेबियनच्या तीन दशकांच्या स्थैर्याचे कारण नव्हे. व्यापारी कंपनीचे धोरण संचालकांच्या एका बैठकीत बदलू शकते. येथे एक शब्द बदलला तरी त्याची तारीख, मतांची मोजणी आणि विरोधकांचे म्हणणे यांची नोंद राहिली. वचन लेखी होते म्हणूनच त्यापासून झालेली प्रत्येक फारकत दिसून आली आणि तिचा जाब विचारता आला.