चाळीचा संडास कोणाचा? मालक, भाडेकरू आणि गोठलेले भाडे

१/ मुंबईच्या चाळीवर आपल्याकडे विपुल लेखन झाले: गॅलरी, गणपती, शेजारधर्म. मजल्याच्या टोकाचा सामाईक संडास मात्र बहुधा विनोदापुरताच येतो. मालक-भाडेकरू संबंधांचा इतिहास तिथेच स्पष्ट वाचता येतो. 🧵

२/ जुन्या चाळींत अनेक ठिकाणी टोपलीचे संडास असत. इमारतींमधल्या अरुंद घरगल्लीतून सफाई कामगार मैला उचलून नेत. पालिका त्यासाठी ‘हलालखोर कर’ घेई; १८८८ च्या पालिका कायद्यातही तो होता. सोय शहराची, श्रम मात्र जातीने लादलेले.

३/ १८९६ मध्ये प्लेग आला. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टने दाट वस्त्या पाडल्या. उठवलेली अनेक कुटुंबे आसपासच्या चाळींत शिरली. संडास तेवढेच, रांग वाढली.

४/ महायुद्धात भाडी भडकली, म्हणून १९१८ साली भाडेनियंत्रण आले. १९४७ च्या कायद्याने प्रमाणभाडे सर्वसाधारणपणे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधले. गिरणी कामगाराच्या डोक्यावरचे छप्पर या कायद्याने राखले, हे आधी मान्य केले पाहिजे.

५/ पाणी, सफाई यांसारख्या अत्यावश्यक सेवा मालकाने तोडू नयेत, असेही कायद्याने बजावले. परंतु सेवा न तोडणे वेगळे आणि ती सुधारणे वेगळे. महागाई वाढत गेली, भाडे जवळजवळ तिथेच राहिले. फुटलेले भांडे बदलण्यात मालकाला स्वारस्य उरले नाही. पराक्या मालमत्तेवर खर्च करण्यास भाडेकरूही कचरत.

६/ इमारती कोसळू लागल्या, तेव्हा १९६९ च्या कायद्याने उपकर बसवून दुरुस्तीसाठी सरकारी मंडळ नेमले. पुढे ते काम म्हाडाकडे गेले.

७/ १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९४० शी जखडलेले प्रमाणभाडे आता वाजवी राहिले नसल्याचे म्हटले. १९९९ च्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ दिली. मासिक भाडे ५० रुपये असेल, तर वाढ २ रुपयांची! तेवढ्यात संडासाची कडीही येत नाही.

८/ तात्पर्य, सक्तीने सेवा टिकते; सुधारणेसाठी मालकाला खर्च भरून निघण्याची आणि भाडेकरूला घर न सुटण्याची, अशा दोन्ही हमी एकत्र लागतात. मुंबईत त्या क्वचितच एकत्र आल्या. म्हणून अनेक कुटुंबांच्या घरात संडास आला, तो चाळ पाडल्यावरच.

९/ घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा: रांग किती असे, सफाईचे पैसे कोण देई? उत्तरे लिहून ठेवा. हाही इतिहासच आहे.