पगार, फी की विद्यावेतन? पत्रेकामाच्या उमेदवारीचा इतिहास

आजचा विषय एका शब्दापासून सुरू करू. 'उमेदवार' म्हटलं की आपल्याला निवडणूक आठवते. पण या शब्दात मूळची फारसी 'उमेद', म्हणजे आशा आहे. जुन्या कचेऱ्यांमध्ये पुढेमागे जागा मिळेल या आशेवर बिनपगारी राबणारा तो उमेदवार. म्हणजे शिकणाऱ्याला पैसे द्यायचे असतात, हे आपल्याकडे गृहीत नव्हतंच. ते कसं आलं, हे पत्रेकामाच्या धंद्यावरून पाहू.

पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी घ्या. तांब्याच्या पत्र्यावर ठोके देऊन चकचकीत खळगे उठवायचे, याला तिथे मठारकाम म्हणतात. ठोक्याने पत्रा कडक होतो, भांडं मजबूत होतं. हे शिक्षण घरात, बापाकडून मुलाकडे. करार नाही, पगारही नाही. आणि त्या घरात जन्म नसेल, तर दार जवळजवळ बंदच.

इंग्लंडमध्ये दार उघडं होतं, पण पैसे भरून. 1563 च्या कायद्याने निदान सात वर्षांची उमेदवारी बंधनकारक केली होती, आणि पुष्कळदा बापच उस्तादाला रक्कम मोजत असे. ते बंधन 1814 मध्ये गेलं. कंपनी सरकारने 1850 मध्ये हिंदुस्थानात उमेदवारीचा कायदा केला, तो मुख्यतः अनाथ आणि गरीब मुलांसाठी. दहा ते अठरा वर्षांच्या मुलाला जास्तीत जास्त सात वर्षं धन्याकडे बांधून देता येई. 'बांधून देणं' हा शब्द लक्षात ठेवा. हुनर मिळत होता, मोकळीक नव्हती.

मग रेल्वेचे कारखाने आले, गिरण्या आल्या, आणि पत्रेकाम घराबाहेर पडलं. स्वातंत्र्यानंतर 1950 च्या सुमारास आयटीआयची योजना सुरू झाली. पुढे 1961 चा शिकाऊ उमेदवारी अधिनियम आला. त्याने तीन गोष्टी पक्क्या केल्या: लेखी करार, त्याची सरकारदरबारी नोंद, आणि दरमहा ठरावीक विद्यावेतन.

या कायद्यातलं एक कलम आम्हाला फार बोलकं वाटतं. उमेदवाराला नगावर पैसे द्यायचे नाहीत, उत्पादन-बोनसच्या योजनेतही ओढायचं नाही. का? पत्रेकामगार काय शिकतो ते बघा. डक्टचा कोपरा करायचा तर तो आधी सपाट पत्र्यावर उलगडून आखावा लागतो. दुमडताना किती माप खर्ची पडेल ते धरावं लागतं. कड आत वळवावी लागते, नाहीतर ती हात कापते. हे सगळं चुकत चुकतच येतं. नगावर पैसे मिळाले, तर पोरगं चुकायला घाबरेल, एकच सोपा तुकडा दिवसभर कापत बसेल. विद्यावेतन म्हणजे चुकण्याची मुभा विकत घेणं.

पण त्याच कायद्याची दुसरी बाजूही आहे. उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे, असं तो स्पष्ट सांगतो. सुरक्षिततेच्या तरतुदी लागू आहेत, अपघात झाल्यास भरपाई आहे. पण कामगार कायद्यांचं एरवीचं संरक्षण नाही. करार संपल्यावर नोकरी देण्याची सक्तीही नाही. 2019 च्या नियमांनी आयटीआय झालेल्या उमेदवाराला महिना किमान 7,000 रुपये ठरवले. एखाद्या कारखान्याने त्याला वर्षभर फक्त पत्रे उचलायला लावलं, तर हीच रक्कम स्वस्त मजुरी ठरते.

तेव्हा, मंडळी, प्रश्न रकमेचा आहेच, पण तेवढाच नाही. उमेदवारीच्या वर्षात मुलाच्या हातात कातर आणि मोगरी किती दिवस होती, आणि शेजारी शिकवणारा कारागीर उभा होता का, हे विचारायला हवं. तांबट आळीत पगार नव्हता, पण शिकवणारा हात कायम शेजारी होता. नव्या व्यवस्थेने दार सर्वांना उघडलं, पैसेही दिले. आता तो हात तिथे आहे ना, हे आपण पाहायचं आहे.