लाकडी पेन: दुर्मीळ लाकडापेक्षा वाळलेले लाकूड मोलाचे

लेथवर हाताने कातलेल्या पेनासाठी शिसव, रक्तचंदन, आबनूस अशा मौल्यवान लाकडांना पसंती दिली जाते. मात्र पेन टिकणार की तडकणार, हे लाकडाच्या किमतीवर ठरत नाही. लाकूड किती वाळले आहे आणि त्यावर कोणती झिलई चढवली आहे, यावर ते अवलंबून असते. एका पेनाला वीतभर लांब आणि बोटभर जाड तुकडा पुरतो. त्यामुळे सुताराकडे उरलेले, एरवी चुलीत जाणारे तुकडेही या कामी येतात.

एबोनाइट आणि आबनूस

भारतात हाताने पेन घडविण्याची परंपरा स्वदेशी चळवळीशी जोडलेली आहे. राजमहेंद्री येथील के. व्ही. रत्नम यांनी तयार केलेले पेन वापरून महात्मा गांधी यांनी १९३५ मध्ये वर्ध्याहून त्यांना आभाराचे पत्र पाठविले होते. या परंपरेत मुख्यतः एबोनाइट, म्हणजे गंधक मिसळून कठीण केलेले रबर कातले जाते. काळ्या आबनूस लाकडाच्या इंग्रजी नावावरूनच या पदार्थाला हे नाव मिळाले.

आबनुसाच्याच कुळातील टेंभुर्णी, अर्थात तेंदू, हे झाड विदर्भ आणि छत्तीसगडच्या जंगलांत आढळते. विडीच्या पानांसाठी ते सर्वपरिचित आहे. पण जुन्या झाडाचा गाभा काळा आणि अतिशय कठीण असतो. चिंचेचा तपकिरी-जांभळट गाभा, खैराचा तांबूस आणि फणसाचा पिवळा गाभाही पेनासाठी चांगला ठरतो.

भिलाई पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये सुरू झाली. खुर्सीपारसारख्या कामगारवस्त्यांच्या या शहरात लेथ हे यंत्र नवे नाही. लोखंड कातणाऱ्या लेथवर लाकूडही कातता येते. मात्र त्यासाठी वेग अधिक आणि हत्यारांची धार अधिक तीक्ष्ण लागते. यंत्राच्या तेलकट भागांवर साचणारा भुसा वेळोवेळी काढावा लागतो.

कातकामाची पद्धत

प्रथम लाकूड सावलीत वाळवून त्यातील ओलावा सुमारे १० टक्क्यांपर्यंत आणला जातो. त्यानंतर ठोकळ्याचे दोन भाग करून प्रत्येकात आरपार छिद्र पाडतात. प्रचलित बारीक पेनासाठी हे छिद्र ७ मिलिमीटरचे असते. छिद्र पाडताना गिरमिट वारंवार बाहेर काढून भुसा मोकळा करावा लागतो. अन्यथा उष्णतेने लाकूड आतून तडकते.

छिद्रात पितळी नळी चिकटवली जाते. शिसवासारखे तेलकट लाकूड असल्यास त्याआधी ते अ‍ॅसिटोनने पुसतात. नळीची दोन्ही तोंडे काटकोनात सपाट केल्यावर ठोकळा लेथवर चढवून गोल कातला जातो. सर्वाधिक पेने याच टप्प्यानंतर बिघडतात. ओले राहिलेले लाकूड नंतर आकसते, आतील पितळ मात्र आकसत नाही. परिणामी काही आठवड्यांत उभी भेग पडते.

झिलईचे प्रकार

घोटकाम क्रमाक्रमाने बारीक होत जाणाऱ्या पॉलिश कागदाने केले जाते. जवसाच्या तेलाने लाकडाचा मूळ स्पर्श टिकतो. पण तेलाचा हात पुन्हा पुन्हा द्यावा लागतो. चपडा लाख अल्कोहोलमध्ये विरघळवून, फिरत्या पेनावर कापडाने चोळल्यास तत्काळ चकाकी येते. मात्र हाताचा घाम आणि सॅनिटायझरमधील अल्कोहोल यांपुढे ती टिकत नाही. सायनोअ‍ॅक्रिलेट या झटपट चिकटणाऱ्या गोंदाचे पातळ थर सर्वाधिक टिकाऊ ठरतात. परंतु स्पर्श प्लॅस्टिकसारखा होतो.

लाख हे छत्तीसगडचे महत्त्वाचे वनोत्पादन असून पळस, बोर आणि कुसुम या झाडांवर ते घेतले जाते. कर्नाटकातील चन्नपट्टणचे कारागीर रंगीत लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर बसते आणि केवड्याच्या पानाने तिला झळाळी दिली जाते. सावंतवाडीची लाकडी खेळणीही लाखकामासाठी प्रसिद्ध आहेत.

कायदा आणि आरोग्य

वन्य प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या 'साइट्स' कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात रक्तचंदनाचा समावेश आहे. शिसव आणि शिसू यांनाही २०१७ पासून हे नियम लागू झाले. हस्तव्यवसायाला त्याची झळ बसल्यानंतर नोव्हेंबर २०२२ मध्ये पनामा येथील परिषदेत सवलत स्पष्ट करण्यात आली. प्रत्येक वस्तूचे वजन १० किलोपेक्षा कमी असल्यास या दोन लाकडांच्या वस्तूंना निर्यातीसाठी साइट्स परवाना लागत नाही. तरीही लाकूड वैध मार्गाने घेतल्याची पावती जपून ठेवणे आवश्यक आहे.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीचे वर्गीकरण कर्करोगकारक घटकांत केले. शिसवाच्या धुळीने त्वचा आणि श्वसनमार्गाला त्रासही होतो. त्यामुळे कातताना व घोटताना मास्क, चष्मा आणि खेळती हवा यांना पर्याय नाही.