टायर कोणाच्या अडचणीसाठी?

सावनेरला ई-सायकलचा टायर निवडताना दोन मतं पडतील. डांबरी रस्त्यावरचा म्हणेल, अरुंद घ्या, बॅटरी जास्त पुरते. पांदणीने वावरात जाणारा म्हणेल, रुंद, खोल खाचांचा घ्या आणि मडगार्ड उंच बसवा. नाहीतर पावसाळ्यात काळी माती अडकून चाकच जाम.

इतिहासातही असंच झालंय बघा. हवेच्या टायरचं पेटंट थॉमसनने १८४५ मध्येच घेतलं, पण तो फारसा चालला नाही. डनलॉपचा १८८८ चा टायर हादरे कमी करायला होता. शर्यतवाल्यांना हादऱ्यांचं काय? ते हसले! १८८९ मध्ये बेलफास्टला त्याच टायरवर शर्यती जिंकल्या गेल्या, अन् हसणं थांबलं. पिंच आणि बायकर यांचा १९८४ चा लेख यावरच आहे, तो वाचाच.

म्हणून 'पहिला टायर कोणाचा' असा विषय घेऊ नका. अडचण कोणाची होती, ते शोधा. सावनेरात काम करणार असाल तर आधी पांदणीवर जा.